दाखल्यात नसलेला रकाना

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांच्या कक्षेत येणारा कर्मचारी वैद्यकीय कारणासाठी रजेवर गेला, म्हणजे त्याला जाताना एक दाखला द्यावा लागतो आणि रुजू होताना दुसरा. पहिल्या दाखल्यात तो काम करण्यास असमर्थ असतो, दुसऱ्यात तो पूर्ववत समर्थ झालेला असतो. आणि या दोन कागदांच्या मधल्या काळात मनुष्याचा देह ज्या अनेक पायऱ्यांनी, कधी पुढे जात तर कधी एखादी पायरी मागे येत, सुधारत असतो, त्या पायऱ्यांची नोंद घेण्यास सरकारी दफ्तरात जागा नाही. विषमज्वर, कावीळ यांसारख्या विकारांत ही व्यवस्था फारशी खटकत नाही, कारण तेथे विश्रांती हा उपचाराचाच भाग असतो आणि तो संपला की माणूस कामावर जातो. परंतु पाठीला हिसका बसून कमरेच्या मणक्यांमधील गादीला थोडासा फुगवटा येणे, ज्याला आता तालुक्याच्या गावीही ‘डिस्क बल्ज’ म्हणतात, या दुखण्याची प्रकृती नेमकी उलटी आहे. ते बरे होते ते हिंडता-फिरता, हळूहळू कामाला लागता-लागता. आणि म्हणून रजा व हजेरी यांच्यामध्ये एखादी अधली अवस्था मानण्यास आपल्या नियमांनी दिलेला नकार या रुग्णांना नुसता गैरसोयीचाच होतो असे नाही, तो त्यांच्या प्रकृतीसही बाधक ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझे एक स्नेही जिल्ह्याच्या ठिकाणी एका कचेरीत अव्वल कारकून आहेत. वय पन्नाशीच्या पुढचे, अंगकाठी सडपातळ, व्यसन म्हणावे तर फक्त चहाचे. गेल्या पावसाळ्यात जुन्या अभिलेखांची तपासणी चालू असताना सर्वांत खालच्या फळीवरचा दफ्तराचा एक जड रुमाल त्यांनी वाकून उचलला आणि तसेच अंग वळवून तो मागच्या टेबलावर ठेवू गेले, तोच कमरेत अशी काही सणक भरली की रुमाल टेबलापर्यंत पोहोचलाच नाही. घरी आल्यावर शेक झाला, महानारायण तेल झाले, आणि पलीकडच्या आळीतील एका पायाळू गृहस्थांना बोलावून त्यांचा पाय कमरेला लावून घेण्याचा विधीही यथासांग पार पडला. पायाळू माणसाच्या पायाने उसण उतरते ही आपल्याकडची समजूत फार जुनी आहे, आणि ती इतकी दीर्घायुषी का ठरली याचे कारण शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. उसण बहुधा आपली आपणच उतरते, आणि तिचे श्रेय त्या वेळी ज्याचा पाय लागलेला असेल त्याला मिळते. हेच श्रेय पुढे पट्ट्यांना, इंजेक्शनांना आणि नाना प्रकारच्या विजेच्या यंत्रांनाही मिळत आले आहे. पायाळू गृहस्थ निदान एका कपभर चहावर समाधान मानतात.

माझ्या स्नेह्यांची वेदना मात्र मांडीतून पोटरीपर्यंत उतरली आणि एमआरआय काढण्यात आला. कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील गादीला फुगवटा आहे, गादीतील जलांश घटला आहे, शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूची वाट किंचित अरुंद झाली आहे, अशी तीन-चार इंग्रजी वाक्ये त्या अहवालात होती. आणि ती घरातल्या प्रत्येकाने आपापल्या भयाच्या प्रमाणात वाचली. जेवायचा पाट माळ्यावर गेला, नातवाला उचलून घेण्यास मनाई झाली, ‘मणका गेला’ ही वार्ता व्याह्यांच्या घरापर्यंत पोहोचली, आणि ज्या डॉक्टरांचा सल्ला घेतला त्यांनी संपूर्ण विश्रांती व अष्टौप्रहर कमरपट्टा अशी आज्ञा केली. काही आठवडे असे पडून काढल्यावर पायाची कळ थोडी ओसरली खरी, परंतु अंग आखडले, मांड्यांतले बळ गेले, झोप उडाली आणि आपण कायमचे अधू झालो ही कल्पना मनात घर करून बसली. पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांना उठवून अंगणात चालावयास लावले, आणि सुधारणा म्हणावी अशी जी सुरू झाली ती तेथून.

सुधारणा दिसताच त्यांनी कचेरीस विनंती केली, की काही दिवस अर्धा वेळ काम द्यावे, रुमाल हलवण्याची जबाबदारी दुसऱ्याकडे द्यावी, आणि मध्ये मध्ये खुर्चीवरून उठण्याची मुभा असावी. उत्तर असे मिळाले की अशी तरतूद नाही. तंदुरुस्तीचा दाखला आणून पूर्णवेळ रुजू व्हावे, अन्यथा रजा वाढवून घ्यावी. वरिष्ठ काही दुष्ट नव्हते. नियमात लिहिलेले नाही ते करण्याची त्यांची छाती नव्हती, इतकेच. काम करण्यास उत्सुक असलेला, आणि काम केल्यानेच लवकर बरा झाला असता असा मनुष्य अर्धवेतनी रजेचा अर्ज लिहून पुन्हा घरी बसला.

आता या दुखण्याचे स्वरूप थोडे पाहू. आपल्या कण्यात मणक्या-मणक्यांच्या दरम्यान एकंदर तेवीस गाद्या असतात. प्रत्येकीचा गाभा मऊ व जलयुक्त, आणि त्याभोवती चिवट तंतूंचे अनेक पदरी कडे असते. वरच्या व खालच्या मणक्याला ती इतकी पक्की जोडलेली असते की जागची सरकणे तिला शक्य नसते. वयोमानाने गाभ्यातील पाणी कमी होते, कडे सैल पडते आणि गादीचा काठ मणक्याच्या कडेबाहेर थोडा डोकावू लागतो. हाच तो फुगवटा. कडे फाटून गाभा बाहेर येणे ही याहून पुढची अवस्था. बॉस्टन येथील मिक्स्टर व बार या दोन शल्यविशारदांनी १९३४ मध्ये असे दाखवून दिले की बाहेर आलेला हा गाभा मज्जातंतूला दाबतो आणि त्यामुळे पायात कळ उतरते. शोध मोठा होता, यात शंका नाही. परंतु त्याचा एक परिणाम असाही झाला की पुढील अर्धशतकभर कंबरेचे जवळजवळ प्रत्येक दुखणे गादीच्या खात्यावर मांडले जाऊ लागले, आणि एमआरआय आल्यावर तर त्या खात्याला चित्रांची जोडच मिळाली.

तथापि हे चित्र निरोगी माणसांचेही काढून पाहिले पाहिजे, ही सुबुद्धी काही संशोधकांना झाली. १९९४ मध्ये अमेरिकेत कंबरदुखीची कोणतीही तक्रार नसलेल्या ९८ व्यक्तींचे एमआरआय तपासण्यात आले, तेव्हा त्यांतील ५२ टक्क्यांच्या निदान एका तरी गादीला फुगवटा आढळला. २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांतील ३,११० वेदनामुक्त व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली. त्यांत विशीतील ३० टक्के, पन्नाशीतील ६० टक्के आणि ऐंशीतील ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या. माझ्या स्नेह्यांच्या वयाच्या, कमरेची कुरकुर न करणाऱ्या दहा माणसांपैकी सहांच्या अहवालात तेच वाक्य आले असते, आणि त्या सहांपैकी कोणाचाही पाट माळ्यावर गेला नसता. गिलाव्याला तडा दिसला म्हणून कोणी वाडा सोडून जात नाही. तडा भिंतीत आहे की गिलाव्यात, हे जाणत्या गवंड्याकडून पाहून घेतो.

अहवालातील भाषेने रुग्णाचे काय होते, याचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच देशात झाला आहे. कोइमतूर येथील गंगा रुग्णालयात डॉ. एस. राजशेखरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. चिंताजनक असे काहीही न आढळलेल्या कंबरदुखीच्या रुग्णांपैकी काहींना एमआरआयमधील प्रत्येक दोष जसाच्या तसा समजावून सांगण्यात आला, आणि इतरांना असे सांगण्यात आले की तुमचा कणा सर्वसामान्यच आहे, जे किरकोळ फरक दिसतात ते वयानुरूप आहेत. उपचार दोन्ही गटांना सारखेच. सहा आठवड्यांनंतर पहिल्या गटातील रुग्णांच्या मनातील धास्ती अधिक आढळली, वेदना कमी होण्याचे प्रमाण उणे ठरले आणि दैनंदिन व्यवहारांतील सुधारणाही मागे राहिली. वाक्ये वाचून कंबर अधिक दुखते, हे ऐकावयास चमत्कारिक वाटेल. परंतु वेदना ही शेवटी मेंदूत उमटणारी वस्तू असल्याने त्यात चमत्कार काही नाही. अहवालाच्या तळाशी त्या त्या वयाच्या निरोगी माणसांतील प्रमाण छापावे, अशी सूचना यातूनच पुढे आली. अमेरिकेत तसे मोठ्या प्रमाणावर करूनही पाहिले. उपचारांचा एकंदर पसारा काही त्याने घटला नाही, अफूजन्य वेदनाशामकांचे प्रमाण तेवढे किंचित उतरले. यावरून छापील ओळीपेक्षा डॉक्टरांच्या तोंडून, रुग्णाच्या मातृभाषेत, समोर बसवून सांगितलेल्या चार शब्दांची मातब्बरी अधिक असावी, असे मला वाटते. आपल्याकडे खुर्चीतला रुग्ण उठण्यापूर्वीच पुढच्याचे नाव पुकारले जाते, त्याला काय करावे?

विश्रांतीची गोष्ट याहून निर्णायक आहे. फिनलंडमधील हेलसिंकी नगरपालिकेच्या, नुकतीच कंबर धरलेल्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेला एक प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस अंथरुणात राहण्यास सांगितले, काहींना कमरेचे व्यायाम दिले, आणि उरलेल्यांना एवढेच सांगितले की वेदना सोसवेल तितपत आपले नित्याचे व्यवहार चालू ठेवा. सर्वांत लवकर बरे झाले ते हे तिसरे. सर्वांत मागे राहिले ते अंथरुणातले. गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, तिचे पोषण शेजारच्या मणक्यांतून झिरपून होते, आणि शरीर हलते तसतसा तिच्यावरील दाब कमी-अधिक होऊन द्रवाची ये-जा चालते. रात्री आडवे झाल्यावर ती पाणी शोषून घेते, म्हणून सकाळी उठताना माणूस सायंकाळपेक्षा सुमारे एक टक्क्याने उंच असतो. आणि याच कारणाने उठल्याउठल्या पहिल्या तासाभरात कमरेतून पूर्ण वाकणे टाळावे, हा सल्ला रास्त आहे. ‘जन्मभर वाकू नका, वजन उचलू नका, मांडी घालू नका’ हा मात्र नव्हे. पट्ट्याबद्दल व वजने लावून कंबर ताणण्याबद्दल म्हणाल, तर डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत या दोहोंचा समावेश न करावयाच्या उपचारांत केला आहे. तरीही कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पट्टे लटकलेले आहेतच, आणि ते विकलेही जात आहेत.

आणखी एक गोष्ट रुग्णांना सांगितली जात नाही. फाटून बाहेर आलेला गाभा शरीर पुष्कळदा आपण होऊन शोषून टाकते. साधा फुगवटा मात्र चित्रात बहुधा तसाच राहतो, आणि तो तसाच असताना वेदना निघून जाते. सबब बरे वाटू लागल्यावर ‘गादी आत गेली का’ हे पाहण्यासाठी पुन्हा एमआरआय काढणे म्हणजे पैसे खर्चून भय विकत घेणे होय. शस्त्रक्रियेलाही तिचे स्थान आहे. पायात तीव्र कळ असलेल्या २८३ रुग्णांवर नेदरलंड्समध्ये झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर पडला. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते, जरी थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना अखेर शस्त्रक्रिया करावी लागली. हे सारे रुग्ण साध्या फुगवट्याच्या पुढच्या अवस्थेतले होते, हेही ध्यानात ठेवावे.

माझ्या या विवेचनाचा कोणी गैरअर्थ घेऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो, की लघवी अडणे किंवा तिच्यावरचा ताबा सुटणे, बैठकीचा व मांड्यांच्या आतला भाग बधिर होणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे तासांचा हिशेब असतो. कंबरदुखीसोबत ताप असेल, वजन कारणाविना घटत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा वृद्धापकाळी पडण्याचे निमित्त झालेले असेल, तर तपासणीत चालढकल नको.

आता पुन्हा दाखल्याकडे वळू. शासकीय नोकरांचे सोडून कारखान्यांतील कामगारांकडे पाहिले, तरी परिस्थिती तीच आहे. १९४८च्या कायद्याने उभी राहिलेली कर्मचारी राज्य विमा योजना आजारी कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के इतका लाभ देते, आणि ही योजना आपल्या श्रमिकांवरचा मोठा उपकार आहे. परंतु ज्या दिवशी त्याने काम केले त्या दिवशी हा लाभ मिळत नाही. अर्धा दिवस हलके काम करून पाहावे म्हटले, तर मालक अर्धी मजुरी देणार आणि विमा काहीच देणार नाही. सबब पूर्ण दिवस पडून राहणे हेच शहाणपणाचे ठरते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने कामाच्या ठिकाणी वाजवी सोयींचे तत्त्व आपल्याकडे आणले, पण ते दिव्यांगांपुरते. तात्पुरते अडलेल्या माणसाला त्याचा आधार नाही. एसटीचा चालक कंबर धरल्यावर आगारात हलकी ड्युटी मागतो, ती मिळते ती साहेबांच्या मर्जीने, आणि मर्जी ही नेहमीच कोणाच्या तरी ओळखीतून वाहते.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१० पासून आजारपणाच्या दाखल्याचे स्वरूप बदलले. तेथे डॉक्टरांना ‘कामास अयोग्य’ याखेरीज ‘पुढील सोयी केल्यास कामास योग्य’ अशीही खूण करता येते, आणि त्याखाली टप्प्याटप्प्याने रुजू होणे, कामाच्या वेळा बदलणे, कामाचे स्वरूप बदलणे, जागेत सुधारणा करणे असे पर्याय दिलेले असतात. जुलै २०२२ पासून तर फिजिओथेरपिस्टांनाही असा दाखला देण्याचा अधिकार मिळाला. हेही सांगितले पाहिजे की तेथील बहुसंख्य दाखल्यांवर अजून ‘अयोग्य’ हीच खूण होते, म्हणजे रकाना छापल्याने सवय बदलत नाही. सवय बदलण्याचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात सापडते. तेथे १९९७ पासून कामगार नुकसानभरपाई खात्याने दूरचित्रवाणीवरून ‘कंबर दुखली तरी हिंडते-फिरते राहा, कामावर जा’ अशी मोहीम चालवली. तेव्हा जनतेची आणि डॉक्टरांचीही मते बदलली व नुकसानभरपाईचे दावे घटले, आणि शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये, जेथे मोहीम नव्हती, तेथे असे काही घडले नाही. आपल्या आरोग्य खात्याने पोलिओसाठी घराघरांत निरोप पोहोचवला आहे. त्याला हे अवघड नाही.

अशा रकान्याने कामचुकारांचे फावेल, हा आक्षेप ठरलेला आहे. मला तो उलटा वाटतो. ज्याला काम टाळायचे आहे त्याला आजचीच पद्धत अत्यंत सोयीची आहे, कारण तीत रजा मिळते ती पूर्ण मिळते; अडचण होते ती ज्याला परत यायचे आहे त्याची.

या साऱ्या विवेचनात एक मोठी उणीव आहे, आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यांच्या कमरेवर महाराष्ट्राचा भार सर्वाधिक आहे त्यांच्यापर्यंत दाखला पोहोचतच नाही. ऊसतोडीवरची बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. तिचा एक दिवस चुकला, तर मुकादम खाडा लावून उचलीतून रक्कम कापून घेतो. कोकणात लावणीच्या दिवसांत चिखलात ओणवे राहणाऱ्या स्त्रीला ‘वाकू नका’ म्हणणे म्हणजे उपाशी राहा म्हणण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली होती की प्रौढ पुरुषाला ५५ किलोंहून अधिक ओझे वाहावे लागत असेल तर ते कमी करण्याचे उपाय योजावेत. आपल्याकडे माथाडी कायदा १९६९ मध्ये झाला, आणि तरीही शंभर किलोंचे पोते पन्नासवर आणण्यासाठी पुण्यात बाबा आढाव व त्यांच्या हमाल पंचायतीला वर्षानुवर्षे झगडावे लागले. या माणसांसाठी उपाय ओझ्याच्या वजनात आणि खाड्याच्या दंडात शोधावा लागेल. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु ज्यांच्यासाठी दाखला आहे त्यांचाही प्रश्न सुटू नये, असा त्याचा अर्थ होत नाही.

राज्य शासनाने रजा-नियमांखालील वैद्यकीय प्रमाणपत्राच्या नमुन्यात ‘मर्यादित कामास योग्य’ असा एक रकाना घालावा, त्या काळातील अर्ध्या दिवसाच्या उपस्थितीचा हिशेब रजेच्या खात्यात कसा धरावा याचा खुलासा करावा, आणि केंद्राने विमा योजनेत अंशतः काम करणाऱ्या रुग्णाला अंशतः लाभ देण्याची तजवीज करावी. नमुना बदलेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. दाखल्याच्या तळाशी मोकळी जागा असते; तेथे डॉक्टरांनी ‘जड वजन न उचलता व दर अर्ध्या तासाने उठण्याची मुभा देऊन पुढील सहा आठवडे यांस काम देण्यास हरकत नाही’ असे आपल्या हाताने लिहून सही करावी, आणि कार्यालयप्रमुखांनी ते वाक्य वाचून त्याखाली ‘मान्य’ असा शेरा मारावा, एवढीच दोघांनाही विनंती आहे.